माणसा, चिडू नकोस

वहिनीचा निरोप आला: "भावजी, दिवाळीत येताना पोराच्या डोक्याला खुराक होईल असा एखादा जर्मन खेळ आणा. मोबाईल हातातून सुटतच नाही." खाली कुठूनतरी आलेला मजकूर चिकटवला होता. पटावरच्या खेळांनी एकाग्रता कशी वाढते, गणित कसं सुधारतं, निर्णय घ्यायची सवय कशी लागते. च्यवनप्राशाचा महिमा सांगतात ना, अगदी तसा.

खेळ नेणारच आहे. पण तो 'खुराक' शब्द आठवडाभर घशात अडकून बसलाय.

जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये मला अकरा वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात माझं जर्मन दूध-ब्रेड मागण्यापुरतं होतं. साडेचारला अंधार, रविवारी दुकानंसुद्धा बंद. अशाच एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी कॉफीला बोलावलं. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. केक झाला, हवापाणी झालं, आणि माझे शब्द संपले. मग त्यांनी कपाटातून एक लाल खोका काढला. पट उघडला आणि मी चक्क मराठीत ओरडलो, "अहो, हा तर लुडो!"

खेळाचं नाव 'मेन्श एर्गेरे डिश निश्ट'. म्हणजे, माणसा, चिडू नकोस. म्युनिकच्या योसेफ श्मिट यांनी तो आधी आपल्याच मुलांसाठी केला आणि १९१४ च्या सुमारास विकायला काढला. पहिल्या महायुद्धात त्यांनी ३,००० खोके लष्करी इस्पितळांना पाठवले. जखमी सैनिक खाटेवर बसून खेळले आणि घरी जाताना खेळ सोबत घेऊन गेले. त्याची वंशावळ मात्र आपल्याकडची. पचिशीच्या पटाची फुली, चार रंगांच्या सोंगट्या, सगळ्यांना मारत-चुकवत घर गाठायची धडपड. कवड्या गेल्या आणि फासा आला, एवढाच फरक.

माझी सोंगटी घरापासून दोन पावलांवर असताना आजींनी ती मारली आणि टाळी वाजवली. "राउस!" बाहेर! त्या दुपारी जेवढं जर्मन कानावर पडलं तेवढं वर्गात महिनाभर पडलं नव्हतं. भाषा न येणाऱ्याला सगळ्यात मोठी अडचण असते बोलायचं काय याची. पटावर ती सुटलेली असते: तुझी पाळी, थांब, सहा पडले, असं चालत नाही, पुन्हा टाक. नंतर हरायला लागल्यावर आजी माझ्याशी हुज्जत घालायला लागल्या. या देशात माझ्याशी भांडलेलं ते पहिलं माणूस. पाहुण्याशी कुणी भांडत नाही, म्हणून मला फार बरं वाटलं.

पुढे ऑफिसातल्या दोघांनी स्काट शिकवला. तिघं गडी, ३२ पत्ते, प्रत्येकाला दहा, उरलेले दोन मध्ये पालथे. मला हसूच फुटलं. मिरजेत आमच्या माडीवर मे महिन्याच्या दुपारी चालायचा तो पाच-तीन-दोन: तिघं गडी, ३० पत्ते, प्रत्येकाला दहा. ज्याचे हात कमी झाले त्याच्याकडून पुढच्या डावात पत्ते ओढायचे. ओढताना नजर त्याच्या पत्त्यांवर नाही, डोळ्यांवर ठेवायची. बोट एक्क्याजवळ गेलं की पापणी हलतेच. आणि मग आपली सत्ती-अठ्ठी त्याच्या गळ्यात मारायची. स्काटमध्ये आकडे सांगून बोली लावायची असते, त्यातही मी फार अडखळलो नाही. 'त्स्वाय-उंड-त्स्वांत्सिश', दोन-आणि-वीस. आमचा इंग्रज सहकारी या उलट्या आकड्यांपाशी दर वेळी ठेचकाळतो. 'बावीस' म्हणत वाढलेल्याला त्यात कसलं नवल?

या स्काटचं आल्टेनबुर्ग गावात न्यायालय आहे. थट्टा नाही, खरोखरचं. डावावरून झालेले वाद लोक तिथे पाठवतात. २०१६ मध्ये स्काट खेळणं हा जर्मनीचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवला गेला. आणि आपल्याकडे पत्त्यांसाठी क्रियापद काय? कुटणे.

गेल्या वर्षी घरच्या बातम्यांत खेळच खेळ होते. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत एक मंत्री मोबाईलवर रमी खेळताहेत असा व्हिडिओ फिरला. त्यांनी ते नाकारलं. पण कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. त्यावरचे विनोद मला इथे डझनानं आले. पुढच्याच महिन्यात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बंदीला माझी हरकत नाही. त्या ॲपच्या नादानं बसलेली घरं सगळ्यांनीच पाहिलीत. पण त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट जाणवत राहिली: आपल्याकडे खेळ ठेवायला कप्पे दोनच. एक जुगाराचा, दुसरा औषधाचा. बिघडवतो तो जुगार, आणि वहिनी मागवते ते औषध. नुसती मजा येते म्हणून चार शहाणीसुरती मोठी माणसं संध्याकाळी दोन तास बसली, तर त्यांना ठेवायला कप्पाच नाही. त्यांना रिकामटेकडे म्हणतात.

गोष्टींचंही तेच. शाळेत गोष्ट संपली की वहीत 'तात्पर्य' लिहून घ्यायचे. कोल्हा मला अजून आठवतो, त्याच्या उड्या आठवतात. तात्पर्य एकही आठवत नाही. चित्रकथा तर पुराणातली किंवा इतिहासातली असेल तरच संस्कारक्षम, नाहीतर टुकार. दादाच्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते. आमच्या पिढीनं त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीत वाचला, पण त्याच्या तोंडी मराठी कुणी घातलं हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

इथे डोनाल्ड डकला जर्मन बोलायला लावलं एरिका फुक्स या बाईंनी, १९५१ पासून पुढे अनेक दशकं. त्यांनी बदकांच्या तोंडी शिलर आणि गोएथे हे महाकवी घातले. क्रियापदाची शेपटी छाटून नुसता धातू फुग्यात लिहायची त्यांची लकब इतकी रुजली की लोक मेसेजमध्येही तसंच लिहितात. २००५ मध्ये त्या गेल्या. २०१५ पासून त्यांच्या नावानं संग्रहालय आहे. अनुवादिकेच्या, आणि तेही बदकांच्या! हा देश मुळातच असा रसिक होता असं मात्र नाही. पन्नाशीच्या दशकात इथल्या शाळांमधून कॉमिक्स गोळा करून जाळलेली आहेत, १९५३ मध्ये मुलांना बिघडवणाऱ्या वाचनाविरुद्ध कायदाही झाला. आपल्या आजच्या चर्चांतली निम्मी वाक्यं तेव्हा जर्मनमध्ये बोलून झालीत.

फरक पडला तो, माझ्या मते, करणाऱ्यांनी मान मागितला म्हणून. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही खेळकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या: खोक्यावर नाव छापलं नाही तर आम्ही प्रकाशकाला खेळ देणार नाही. आज नाव असतंच, कादंबरीवर लेखकाचं असतं तसं. आमच्या शेजारच्या रॉसडॉर्फ गावात क्लाउस टॉयबर राहायचे, दातांच्या कवळ्या बनवायचा धंदा करणारे. दिवसभराच्या त्रासानंतर तळघरात बसून खेळ रचायचे. १९९५ चा त्यांचा 'कटान' जगभर तीन कोटींहून जास्त खपला. ऑक्टोबरात एसेनला खेळांची जत्रा भरते, चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास माणसं येतात, आणि त्यात निम्म्यांचे केस पिकलेले. ग्रंथालयातून पुस्तकासारखा खेळ घरी नेता येतो. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या शंभरांनी एकेक कपाट खेळांना दिलं तर १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला भाषणाऐवजी काहीतरी करता येईल.

इथलं सगळं गोड आहे असं वाटत असेल तर थांबा. तिसरा गडी हवा असेल तर जर्मन माणसाशी तीन आठवडे आधी तारीख ठरवावी लागते, आणि नियमांचं पुस्तक वाचून दाखवण्यातच पाऊण तास जातो. मिरजेत माडीवरून नुसती हाक मारली की शेजारचे काका बनियनवर यायचे. ती हाक मला इथे अकरा वर्षांत सापडली नाही. ट्राममधली पोरं इथेही माना मोडून मोबाईलच बघतात.

पण माडीचं आठवताना एक जागा रिकामी दिसते. आई कधी बसली नाही. आजी नाही, काकूही नाहीत. खेळ ऐन रंगात आला की चहा यायचा, आणणारीचा हात दिसायचा. कुणाचा हुकूम काय हे आईला जाता-येता कळायचं, इतकं ती बघायची. वेरूळच्या २९ नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसलेत, पार्वती समोरासमोर. दगडात तिला जागा आहे. आमच्या माडीवर नव्हती. खालच्या आजींबरोबर खेळताना मला राहून राहून आईच आठवायची, आणि तिला पाच-तीन-दोन येत होता की नाही हे मी आता कुणाला विचारणार?

वहिनीला मी काल उत्तर पाठवलं. लाल खोकाच आणतोय. डोक्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही, फासा पडेल तसं नाचायचं. फक्त चौघांचा खेळ आहे, चौघंही बसणार असाल तर आणतो.

पाच मिनिटांत उत्तर आलं: "तुम्ही, हे आणि पोरगा. चौथं कोण?"