रोगन जोश घरी होत नाही, हे खरं नाही

स्वयंपाकाच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. रोगन जोश म्हणजे काश्मीरचं लाल रस्स्याचं मटण; ते घरी हॉटेलसारखं का होत नाही, याची कारणं त्यात सांगितली आहेत. लाल रंगासाठी भरपूर तिखट किंवा खायचा रंग लागतो. रस्सा दाट व्हायला कांदा, टोमॅटो आणि काजूचं वाटण हवं. दही फाटतंच, म्हणून क्रीम घाला. आपलं बोकडाचं मटण चालत नाही, बाहेरून आलेलं लॅम्बच, म्हणजे कोवळ्या मेंढीचं मटणच पाहिजे. कुकर वर्ज्य, तासन् तास मंद आच हवी. आणि शेवटी सल्ला: घरी याच्या नादी लागू नका, हा हॉटेलातच खायचा पदार्थ आहे.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. काही तर अशी आहेत की ती पाळली तर पदार्थ हमखास बिघडेल. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी तो शेवटचा सल्ला, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. काश्मीरमध्ये रोगन जोश दोन ठिकाणी शिजतो. एक वाझवानात, म्हणजे मुसलमान घरांतल्या लग्नाच्या मेजवानीत. तिथे वाझा हे पिढीजात आचारी असतात, कल्हई केलेली तांब्याची मोठी भांडी असतात, लाकडाचा जाळ असतो आणि एका त्रामीत, म्हणजे तांब्याच्या मोठ्या ताटात, चौघं मिळून जेवतात. दुसरं ठिकाण म्हणजे काश्मिरी पंडितांचं स्वयंपाकघर. इथे तो घरच्या बायकांनी घरच्या चुलीवर केलेला पदार्थ आहे. आपण महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी करतो. त्याच सणाला पंडित हेरथ म्हणतात आणि त्यांच्या कित्येक घरांत त्या दिवसांत मटण शिजतं. 1990 मध्ये खोरं सोडावं लागलं तेव्हा ही कुटुंबं जम्मूच्या छावण्यांत आणि दिल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांत आली. मोठी भांडी नव्हती, अंगण नव्हतं. रोगन जोश तिथेही झाला, गॅसच्या शेगडीवर. ज्या पदार्थाने एवढं सोसलं, तो पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये होणार नाही असं म्हणणं त्या बायकांच्या हातावर अन्याय करणारं आहे.

आता रंग. सगळा गोंधळ इथून सुरू होतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

मिरचीचा लाल रंग आणि मिरचीचा जाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाळ कॅप्सेसिनमुळे येतो. रंग कॅप्सॅन्थिन आणि त्याच्या जातकुळीतल्या इतर द्रव्यांमुळे येतो. काश्मिरी मिरचीत रंग भरपूर आणि जाळ कमी, म्हणूनच तिची निवड झाली. चांगल्या रोगन जोशाने नाक-डोळे वाहत नाहीत. लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीचं तिखट ओतून तो रंग मिळवायला गेलात तर रंगाआधी जीभ भाजेल. काश्मिरी म्हणून बाजारात मिळणारी प्रत्येक पुडी काश्मीरचीच असते असंही नाही. खात्रीची मिळाली नाही तर आपल्या शेजारची बेडगी घ्या. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ती ओळखली जाते, 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रंग जास्त, तिखटपणा बेताचा हीच तिचीही ख्याती आहे. किलोभर मटणाला पोह्याचे दोन-तीन चमचे पूड पुरते.

मग घरचा रस्सा विटकरी का होतो? कारण तिखट पाण्यात पडतं. कॅप्सॅन्थिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. रस्सा उकळत असताना वरून कितीही तिखट घाला, तो गढूळ दिसेल. तिखट थोड्या पाण्यात कालवा, आच अगदी मंद करा आणि गरम तेलात सोडा. कालवल्यामुळे ते जळत नाही, आणि पाणी आटता आटता तेल लाल होत जातं. तिखट काळपट पडलं तर मात्र ते पुढे कशानेही सुधारत नाही, तिथे पुन्हा सुरुवात केलेली बरी. तेल शक्यतो मोहरीचं घ्या. धूर दिसेपर्यंत तापवा, मग गॅस बंद करून जरा निवू द्या, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो.

याखेरीज काश्मीरमध्ये रंगासाठी दोन वनस्पती वापरतात आणि दोन्हींची रीत उलटी आहे. रतनजोत ही एक मुळी. तिचा रंग तेलात किंवा तुपात उतरतो, म्हणून ती गरम तेलात घालून काढून टाकतात. मावल ही कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दिसणारी वाळवलेली फुलं, पावसाळ्यात आपण भाजी करतो त्या कुर्डूच्याच जातकुळीतली. त्यांचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून ती उकळून गाळलेलं पाणी रस्स्यात घालतात. मिळाली तर जरूर वापरा, पण दोन्हीही अनिवार्य नाहीत. पंडितांच्या घरी मिरचीच्या रंगावरही उत्तम रोगन जोश होतो. खायच्या रंगाची बाटली मात्र उघडू नका. कर्नाटकाने 2024 मध्ये कबाबांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती उगाच नव्हे.

कांदा, टोमॅटो, काजू या मुद्द्यावर माझी सगळ्यात जास्त हरकत आहे. हे तिन्ही घालून जे तयार होतं ते उत्तर भारतीय हॉटेलांतलं सर्वसाधारण लाल वाटण. त्यात पनीर घाला, कोंबडी घाला, मटण घाला, चव एकच. पंडितांच्या रोगन जोशात कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटो नाही. आहे ते हिंग, बडीशेपेची पूड, सुंठ, लवंग, दालचिनी, हिरवी आणि मसाला वेलची, तमालपत्र. बडीशेप न भाजता दळायची. भाजली की तिचा गोडसर ताजेपणा जातो. किलोला एक मोठा चमचा बडीशेप आणि तिच्या निम्म्याहून कमी सुंठ हे माझं प्रमाण. गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला चिमूटभरही नको, कारण खोबरं आणि तीळ आले की बडीशेप ऐकूच येत नाही. हिंग खड्याचा असेल तर पाण्यात विरघळवून घ्या.

कांदा-लसणाशिवाय मांसाहार ही कल्पना आपल्याला इतकी परकी वाटायचं खरं तर कारण नाही. गोव्यात आणि कोकणात सारस्वतांच्या घरी तिरफळं घालून बांगडा करतात, त्यात कांदाही नसतो, लसूणही नसतो. कुणी त्याला अपुरा म्हणत नाही.

मात्र या मजकुराखालच्या प्रतिक्रियांत दुसऱ्या टोकाची मंडळीही दिसतात: लसूण घातला की तो रोगन जोशच नव्हे, असं ठणकावणारी. त्यांनाही उत्तर द्यायला हवं. वाझवानातल्या रोगन जोशात लसूण असतो, आणि प्राण नावाचा लहान काश्मिरी कांदाही असतो. तो तळून, वाटून घालतात आणि रस्स्यात तो पूर्ण मुरून जातो. ही तितकीच जुनी आणि तितकीच काटेकोर रीत आहे. दोन समाजांनी एकाच खोऱ्यात एकच पदार्थ दोन वाटांनी घडवला; त्यातला एक खरा आणि दुसरा खोटा ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. आणि अगदी मूळ शोधायचंच म्हटलं, तर ज्या मिरचीवर आज दोन्ही घरांची भिस्त आहे ती अमेरिकेतली. भारतात ती पोर्तुगीजांबरोबर आली. मी घरी पंडितांची रीत वापरते, कारण तिला सामान कमी लागतं आणि चूक झाली तर कुठे झाली ते लगेच कळतं. तुम्ही लसणाची वाट धरलीत तर प्राणऐवजी आपले सांबार कांदे तळून वाटा. फक्त दोन्ही वाटांवर टोमॅटो-काजू आणू नका.

दाटपणा मग कुठून येतो? दोन गोष्टींतून: हाडाजवळच्या मांसातून आणि आटवलेल्या दह्यातून. मान, खांदा, नळी या भागांत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. सावकाश शिजताना त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. नुसतं मांडीचं बोनलेस घेतलं तर हे होणार नाही, मग काजू आठवतात.

दह्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. दही फाटतं, हे बरोबर. आंबट दही एकदम तापलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी सुटतं. पण त्यावर उपाय क्रीम नाही; क्रीमने आंबटपणा झाकला जातो आणि बडीशेप-सुंठीची धार बोथट होते. दही ताजं, साईसकट, फ्रिजमधून आधी काढून ठेवलेलं आणि चांगलं फेटलेलं असावं. मटण तेलात परतून त्याचं पाणी आटलं की गॅस बारीक करा, वर सांगितल्याप्रमाणे तिखट घाला, तेल लाल झालं की दही थोडं थोडं घाला आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. किलोला वाटीभर दही पुरे.

आणि हे नीट समजून घ्या: रोगन जोशात दही रेशमासारखं गुळगुळीत राहणं अपेक्षितच नाही. ते यखनीत लागतं. यखनी हा काश्मीरचा पांढरा, दह्यातला रस्सा, तिथे दही फाटलं की सगळं संपलं. रोगन जोशात ते पूर्ण आटवायचं असतं, तेल कडेला येऊन दही मटणाच्या तुकड्यांना तपकिरी होऊन चिकटेपर्यंत. बुडाला धरलं की पाण्याचा हबका मारून खरवडायचं, पुन्हा आटवायचं, पुन्हा खरवडायचं. या परतण्यात अर्धा तास सहज जातो आणि पदार्थाची चव इथेच ठरते. मजकुरात या पायरीचा एका शब्दाने उल्लेख नाही. यानंतरच गरम पाणी, मीठ, बडीशेप आणि सुंठ.

मटणाचं म्हणाल तर, काश्मीरमध्ये मटण म्हणजे मेंढीचं, हे खरं. त्याला चरबी जास्त आणि वास वेगळा. पण त्यासाठी आयात केलेलं गोठवलेलं लॅम्ब कशाला? पुणे आणि आसपासच्या भागात बोल्हाईच्या मटणाची दुकानं आहेत. वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त बोकड खात नाहीत, मेंढीचं खातात; त्यांच्यासाठी ही दुकानं चालतात आणि तिथे ताजं मिळतं. ते जवळ नसेल तर बोकडाचं घ्या. खाटकाला मान, खांदा आणि नळीचे मोठे तुकडे मागा, थोडी चरबी सोबत मागा, आणि शिजायला मेंढीपेक्षा जास्त वेळ धरा. चव थोडी वेगळी होईल, पण रोगन जोशच होईल.

कुकरची भीती तर पूर्ण निराधार आहे. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात मटण शिजायला आणखी वेळ लागतो. म्हणून काश्मीरच्या घरांत कुकर आपल्यापेक्षाही जास्त कामाचा. नियम एकच: कुकर परतण्याच्या जागी येऊ शकत नाही. दही आटवून झालं, पाणी घातलं, मग झाकण लावा. मेंढीचं असेल तर तीन-चार शिट्ट्या, बोकडाचं असेल तर एक शिट्टी करून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या, मग झाकण काढून दहा मिनिटं उकळा, म्हणजे तवंग वर येतो. तो काढून टाकू नका.

मजकुरासोबतच्या फोटोत शेजारी बटर नान ठेवलेली आहे. काश्मीरमध्ये रोगन जोश भाताशी खातात, साध्या वाफाळत्या पांढऱ्या भाताशी, आणि बाजूला बहुतेक वेळा हाख ही पालेभाजी. भातात मुरावा म्हणूनच तो रस्सा फार दाट नसतो. नान समोर ठेवून तुम्ही तो दाट करायला निघालात की काजूची बरणी पुन्हा हातात येते.