बुजवलेली प्रत्येक खिडकी कराची नव्हे

लंडनच्या फोटोंखाली एक मजकूर हमखास फिरतो: 'जुन्या घरांच्या विटांनी बंद केलेल्या खिडक्या पाहा. सरकारने उजेडावर कर लावला म्हणून लोकांनी त्या बुजवल्या.' कर खराच होता, १६९६ मध्ये आला आणि १८५१ मध्ये गेला. घोळ त्या 'म्हणून'मध्ये आहे.

आधी हिशेब. सुरुवातीला दर खिडकीमागे नव्हताच. घरटी २ शिलिंग, खिडक्या दहा झाल्या की आणखी ४, विसावर गेल्या की त्या ४ ऐवजी ८. पंधरा खिडक्यांच्या मालकाने तीन बुजवल्या तरी कर तेवढाच, वर गवंड्याची मजुरी अंगावर! खिडकीगणिक आकारणी आली १७४७ मध्ये.

१७२०च्या सुमाराचं साधं शहरी घर बघा. तळघर, तीन मजले, वर पोटमाळा. प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक. समोर तळमजल्याला दाराशेजारी एक खिडकी, वरच्या मजल्यांवर दोन-दोन. मागच्या धरून आकडा दहाच्या आसपास. इथे मात्र एखादी बुजवून ४ शिलिंग वाचवायचा मोह होऊ शकतो, हे मान्य.

पण समोरच्या कितीतरी आंधळ्या खिडक्या बांधतानाच आंधळ्या होत्या. आत जाऊन पाहिलं की उलगडा होतो: त्या जागेमागे धुराड्याची नळी तरी असते, नाहीतर शेजारच्या घराबरोबरची सामाईक भिंत. तिथे काच बसणार कशी? दर्शनी भाग समतोल दिसावा म्हणून गवंड्याने कमान, उंबरा, खोलगा सगळं केलं, फक्त भोक ठेवलं नाही. मागाहून बुजवलेल्या खिडकीत बहुधा कडेला सरळ उभा सांधा दिसतो, विटांचा रंगही वेगळा पडतो. मुळातल्या आंधळ्या खिडकीत विटा आजूबाजूच्या भिंतीशी सांधेमोड करून, म्हणजे वरखालचे सांधे एका रेषेत येऊ न देता, गुंफलेल्या असतात.

कायद्याने या घरांचं रूप बदललं खरं, पण आगीच्या धास्तीने. १७०७ च्या कायद्याने छपराखालची लाकडी कंगणी (भिंतीबाहेर डोकावणारी पट्टी) बंद केली, म्हणून वर विटांचा कठडा आला. १७०९ पासून खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यावी लागे.

करापायी अंधार झाला तो मुख्यतः पुढे, भाड्याच्या दाटीवाटीच्या घरांत. कित्येक कुटुंबं राहत असली तरी मोजणी अख्ख्या इमारतीची व्हायची आणि मालक खिडक्या बंद करून मोकळा. तशा घराच्या फोटोखाली तो मजकूर खुशाल टाका.