बसून खाणाऱ्याचा अर्ज

बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही, असं ऐकत आपण मोठे झालो. गेले सात महिने मी नेमकं उलटं सिद्ध करायच्या मागे आहे: मी बसूनच खाईन, आणि तरी माझा डोंगर पुरेल. तेही सही-शिक्क्यासह, भाषांतर जोडून.

पोर्तुगालमध्ये राहायला देणाऱ्या डी-सेव्हन व्हिसाबद्दल बोलतोय. नोकरी नको, तिथे धंदा टाकायला नको, फक्त काम न करता घरबसल्या उत्पन्न ('पॅसिव्ह इन्कम') येतं हे दाखवा. पेन्शन, घरभाडं, व्याज, डिव्हिडंड, रॉयल्टी, काहीही चालतं. रकमेची अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणि मुलामागे ३० टक्के. आम्ही दोघंच, म्हणजे तेव्हा १,३०५ युरो. आकडा पाहून मी मनात म्हटलं, एवढंच? आपलं तर झालंच समजा!

व्हिसा केंद्रात पहिल्या खेपेला फाइलमध्ये सगळ्यात वर शिल्लक रकमेचा दाखला ठेवला होता. चांगला मोठा आकडा, मला स्वतःलाच अभिमान वाटावा असा. काउंटरवरच्या बाईंनी तो एका बाजूला सरकवला आणि विचारलं, "हे तुमच्याकडे आहे. दर महिन्याला येतं काय?"

या एका प्रश्नासाठी ही पोस्ट लिहितोय. टाकी भरलेली आहे हे दाखवून भागत नाही, नळाला रोज पाणी येतं हे दाखवायचं असतं. बचत लागतेच, वर्षभराची सोय खात्यात असलेली बरी, पण ती उत्पन्नाच्या जोडीला. उत्पन्नाच्या जागी नाही.

त्या रात्री बारा महिन्यांची स्टेटमेंटं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि पिवळा मार्कर घेऊन बसलो. भाडं कधी ४ तारखेला, कधी ९ला, एकदा २७ला. एक महिना कोराच, आणि पुढच्या महिन्यात दोन्ही भाडी एकदम. भाडेकरू सज्जन माणूस आहे, त्याची अडचण मला माहीत होती. स्टेटमेंटला ती माहीत नाही. डिव्हिडंड वर्षातून दोनदा, तोही अशा काही आद्याक्षरांनी जमा झालेला की कुठल्या कंपनीचा हे मलाच शोधावं लागलं. ठेवींचं तर आणखी मजेशीर. व्याज मुदत संपल्यावर मुद्दलासकट मिळणार होतं. माझ्या हिशेबात मी दरमहा कमावत होतो, कागदावर शून्य. पिवळ्या रेघा मोजल्या तर बारापैकी पाच महिने उघडेबोडके! दुसऱ्या दिवशी जाऊन ठेवी दरमहा व्याजाच्या करून घेतल्या आणि पुढचे सहा महिने नुसतं थांबलो. अर्ज करायचा विचार असेल तर हे काम आज करा, बाकीचं नंतर.

आता वादाचा मुद्दा. माझा मेहुणा म्हणतो, "पॅसिव्ह दाखवायचं आणि तिकडे जाऊन लॅपटॉप उघडायचा. कोण बघतंय?" हा सल्ला हल्ली दर दुसरा माणूस देतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. नैतिक वगैरे कारण सोडा, मुळात व्हिसाच चुकीचा निवडला जातो. स्पेनच्या अशाच व्हिसाच्या नावातच 'विनालाभ' आहे. तिथे काम करायचं नाही हीच अट. रक्कमही मोठी: आयप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे महिना २,४०० युरो, वर्षाचे २८,८०० आणि प्रत्येक अवलंबितामागे आणखी ७,२००. इटलीचा 'ऐच्छिक निवास' व्हिसाही काम करू देत नाही. लॅपटॉपवाल्यांसाठी पोर्तुगालनेच ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा डी-एट व्हिसा ठेवलाय. त्याला किमान वेतनाच्या चौपट कमाई लागते. मेहुण्याला डी-सेव्हनचा मोह का पडतो ते इथे कळतं. (कोचिंग आणि कन्सल्टिंगला 'पॅसिव्ह इन्कम' म्हणणाऱ्यांनी एकदा महिनाभर आजारी पडून बघावं.)

तुम्ही तिथे येऊन काय करणार, हे सांगणारं पत्रही जोडावं लागतं. खरं उत्तर 'काही नाही'. पण ते असं लिहायचं की माणूस रिकामटेकडा वाटू नये आणि कामाच्या शोधात आहे असंही वाटू नये. चार खर्डे फाडले. शेवटी बायकोने लिहिलं आणि एका पानात संपवलं.

पोलिसांचा दाखला, त्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), विमा, तिथला कर क्रमांक, बँक खातं हे सगळं कटकटीचं असलं तरी होतं. फक्त पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा, त्याची मुदत थोडी असते. मी उत्साहाने आधी काढला आणि परत रांगेत उभा राहिलो.

मला खरंच अन्याय वाटतो तो घराच्या अटीचा. व्हिसा मिळायच्या आधी तिथे राहायची सोय दाखवायची, आणि हॉटेलचं बुकिंग सहसा पुरत नाही. वर्षाचा भाडेकरार हवा. म्हणजे जिथे जायची परवानगी नाही, तिथल्या न पाहिलेल्या घराचं भाडं आजपासून सुरू. नकार आला तर ते पैसे गेले. नियम करणाऱ्यांना हे कळत नसेल असं नाही. कळतं, पण तो धोका त्यांचा नाही.

आणखी एक. अट जेवढ्याची आहे नेमके तेवढेच दाखवायला जाऊ नका. किमान वेतन २०२३ मध्ये ७६० होतं, २०२४ मध्ये ८२०, २०२५ मध्ये ८७०. तुमच्या ठेवीचा व्याजदर जागच्या जागी आणि अटीची पट्टी दरवर्षी वर. तिथे राहण्याचा परवाना पहिल्यांदा दोन वर्षांचा मिळतो, नूतनीकरणाला पुन्हा उत्पन्न दाखवायचं असतं. चलनाचा भाव घसरला तर तो मार वेगळाच. मी दीडपट धरून चाललोय.

जुने व्हिडिओ बघून पोर्तुगालमध्ये नव्याने येणाऱ्यांच्या करसवलतीच्या भरवशावरही राहू नका. ती गाजलेली योजना २०२४ पासून नव्या लोकांसाठी जवळपास बंद झाली. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही तिथले करदाते. आणि कमी राहून चालतं असंही नाही: परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने आठ महिने बाहेर राहिलात, तर परवानाच जाऊ शकतो. 'एक पाय इकडे, एक तिकडे' असं स्वप्न असेल तर आधी कॅलेंडर काढून बसा.

आमचा अर्ज आत गेलाय. काल त्या रिकाम्या घराचं पहिलं विजेचं बिल आलं. वापर शून्य, स्थिर आकार मात्र भरायचा. बायको म्हणाली, चला, तिथे आपल्या नावावर काहीतरी दरमहा यायला लागलं.