"नवीन गाडीला अपडेट देऊच नका" म्हणे, का बरं?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. वर मोठ्या अक्षरात 'नवीन गाडी घेणाऱ्यांनी वाचाच' आणि खाली पाच फर्मानं. गाडी नीट चालतेय तोवर सॉफ्टवेअर अपडेट घेऊ नका, कंपन्या त्यातून गाडी मुद्दाम स्लो करतात. रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाडी परत बोलावणं) आला म्हणजे गाडीच डिफेक्टिव्ह, विकून मोकळे व्हा. वॉर्निंग लाइट लागला तर बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवा, सगळं साफ होतं. पार्ट बदलून मागू नका, हल्ली सगळे प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचेच असतात. आणि शेवटचं, सर्व्हिस सेंटरवाले 'नॉर्मल आहे' म्हणाले की विषय संपला.

आता पहिलं आणि चौथं एकत्र वाचा. सगळे प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचे, पण सॉफ्टवेअर बदलायचं मात्र नाही! लिहिणाऱ्यानं स्वतः तरी परत वाचलं होतं का कोण जाणे. असो, एकेक घेऊ.

"अपडेट घेऊ नका, मुद्दाम स्लो करतात"

हा संशय हवेतून आलेला नाही, हे आधीच सांगतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं कबूल केलं होतं की बॅटरी म्हातारी झालेले आयफोन ते सॉफ्टवेअरनं हळू करत होते, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात हे पक्कं बसलंय. गाड्यांमध्येही झालंय. टेस्लानं २०१९ मध्ये काही मॉडेल एस गाड्यांना असा अपडेट पाठवला की बॅटरी आधीइतकी भरेनाच, रेंज कमी झाली. कंपनी म्हणाली बॅटरीच्या सुरक्षेसाठी केलं, मालक कोर्टात गेले, आणि २०२१ मध्ये १,७४३ गाड्यांसाठी १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे अपडेटमधून काहीतरी काढून घेतलं जाऊ शकतं हे खरं आहे.

पण त्यावरून 'कधीच घेऊ नका' हे कुठून आलं?

जीपचं बघा. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सिक्युरिटी संशोधकांनी घरी बसून लॅपटॉपवरून हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला, आधी एसी आणि रेडिओ, मग थेट ट्रान्समिशन, ॲक्सिलरेटर दाबतोय पण गाडी पुढे जात नाही. शिरायची वाट होती डॅशबोर्डमधली इंटरनेटला जोडलेली सिस्टिम. नंतर कंपनीनं १४ लाख गाड्या रिकॉल केल्या आणि मालकांना चक्क पेनड्राइव्ह पोस्टानं पाठवले, गाडीला लावून सॉफ्टवेअर बदला म्हणून. यातली एकही गाडी तोवर 'बिघडलेली' नव्हती हो! सगळ्या मस्त चालत होत्या. 'चालतेय तर हात लावू नका' हा सल्ला ज्यांनी पाळला असेल त्यांच्या गाडीचं ते दार उघडंच राहिलं असेल.

आणि दुसरी बाजूही जीपचीच घ्या, म्हणजे मी कंपन्यांची वकिली करतोय असं वाटायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये रँगलरच्या प्लगइन हायब्रिड मॉडेलला अपडेट गेला आणि काही गाड्यांची चालता चालता पॉवर गेली. कंपनीनं अपडेट थांबवला, दुरुस्त केलेला पाठवला. ज्याच्या बाबतीत हे हायवेवर घडलं त्याला त्या दुरुस्तीचं काय कौतुक असणार.

मग करायचं काय? माझं मत असं की अपडेट घ्यायचा, पण पहिल्या रात्री झडप घालून घ्यायचा नाही. सेफ्टीचा किंवा रिकॉलचा असेल तर लगेच, बाकी नवीन थीम, नवीन ॲप, व्हॉइस असिस्टंट वगैरे असेल तर थोडे दिवस थांबून इतरांचं काय झालं ते बघा, तसंही कंपन्या अपडेट सगळ्यांना एकदम न सोडता टप्प्याटप्प्यानंच सोडतात. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तर अजिबात नको, कारण बऱ्याच गाड्या इन्स्टॉल चालू असताना सुरूच होत नाहीत. इन्स्टॉल करायच्या आधी सॉफ्टवेअर व्हर्जनच्या स्क्रीनचा फोटो काढा, झाल्यावर परत काढा. हे एवढंसं काम कोणी करत नाही आणि मग 'अपडेटनंतर बिघडलं' हे सिद्ध करता येत नाही. आणि परत जुन्या व्हर्जनवर जाता येईल असं गृहीत धरू नका, बहुतेक कंपन्या ती सोय मालकाला देत नाहीत.

स्क्रीनचं सॉफ्टवेअर आणि ब्रेक-मोटर-स्टिअरिंगच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर यातही फरक करा. पहिल्यात बऱ्याचदा मेमरीचे दोन भाग असतात, नवीन व्हर्जन रिकाम्या भागात लिहिलं जातं, नीट लिहिलं गेलं तरच सिस्टिम तिकडे उडी मारते, नाहीतर जुनं शाबूत. दुसऱ्याचं काम अनेक गाड्यांमध्ये अजून वर्कशॉपमध्येच होतं, आणि तेव्हा व्होल्टेज पडू नये म्हणून बॅटरीला बाहेरून सप्लाय जोडतात, तो जोडलाय का हे बघायला तुम्ही खुशाल उभे राहा. युरोपात तर आता संयुक्त राष्ट्रांचा आर१५६ नावाचा नियम जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे, अपडेट मध्येच फसला तर गाडी जुन्या व्हर्जनवर किंवा निदान सुरक्षित अवस्थेत आलीच पाहिजे असं त्यात लिहिलंय.

अपडेटनं सुधारणाही खरीखुरी होते, नुसते रंग बदलत नाहीत. २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेनं टेस्ला मॉडेल ३ चे ब्रेक तपासले तर ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले, त्यांनी गाडीची शिफारस करायला नकार दिला, आणि काही दिवसांत आलेल्या अपडेटनंतर तीच गाडी १३३ फुटांत थांबली. १९ फूट! पार्ट एकही बदलला नाही. अर्थात मग आधी ते सॉफ्टवेअर तसं बाहेर पडलंच कसं हा प्रश्न मला राहतोच.

"रिकॉल आला म्हणजे गाडी भंगार"

हे थोडक्यात संपवतो. रिकॉल म्हणजे दोष सापडलाय, कुठल्या गाड्यांत आहे ते कळलंय, आणि कंपनी स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करणार आहे. भीती वाटायची तर दोष असून रिकॉल न आलेल्या गाडीची वाटायला हवी. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये हेच झालं, एअरबॅग फुगवणारं आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णतेनं खराब होत गेलं आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर. एकट्या अमेरिकेत जवळपास ६.७ कोटी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) रिकॉलमध्ये आले. त्यातल्या कुठल्या गाडीत चालवताना काही जाणवायचं का? काहीही नाही.

शिवाय हल्ली 'रिकॉल' या नावाखाली काय काय येतं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लानं अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्या ऑटोपायलट या ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टिमसाठी रिकॉल केल्या, आणि उपाय होता अपडेट, गाडी जागची हलवायचीही गरज नव्हती. त्यासाठी गाडी विकणार?

गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (चासी) नंबर कंपनीच्या साइटवर टाकून अधूनमधून बघत जा, पत्र येईल म्हणून वाट बघू नका, पत्ता बदलला की पत्र जुन्या पत्त्यावर जातं. आणि रिकॉलच्या खाली अजून एक थर असतो जो कोणी सांगत नाही, टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन. म्हणजे कंपनीला त्रास माहीत आहे, दुरुस्तीची पद्धत वर्कशॉपला कळवली आहे, पण साधारणपणे तक्रार घेऊन येणाऱ्यालाच ती करून देतात. म्हणून 'या तक्रारीवर काही बुलेटिन आहे का' हा प्रश्न काउंटरवर सरळ विचारायचा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

"वॉर्निंग लाइट लागला की बॅटरीची वायर काढा"

पाचांमधला सगळ्यात नुकसान करणारा सल्ला मला हा वाटतो, कारण यानं काहीतरी झाल्यासारखं दिसतं. लाइट गेलेला असतो ना! पण लाइट म्हणजे दोष नाही. लाइट लागतो तेव्हा कंट्रोल युनिट एक फॉल्ट कोड साठवतं, आणि सोबत त्या क्षणाची नोंद ठेवतं, स्पीड किती होता, इंजिनचं तापमान किती, लोड किती, याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. अधूनमधून येणाऱ्या प्रॉब्लेममध्ये मेकॅनिकच्या हातात तेवढाच पुरावा असतो. वायर काढली की बऱ्याच गाड्यांत तो पुसला जातो, आणि मग तुम्ही वर्कशॉपला गेलात की ते म्हणतात आम्हाला काही दिसत नाही, आणि ते खोटं बोलत नसतात. वर गिअरबॉक्सनं आणि इंजिननं शिकून ठेवलेल्या सेटिंग्ज जातात म्हणून गाडी काही दिवस विचित्र वागते, काचांची ऑटो सेटिंग परत करावी लागते. इलेक्ट्रिक गाडीत तर बॉनेटखाली उगाच स्पॅनर घेऊन जाऊच नका.

मात्र यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. एकदम पाच-सहा वेगवेगळे लाइट लागले, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, कॅमेरा सगळंच, तर हे सगळे पार्ट एकाच वेळी मेले असं क्वचितच असतं, बऱ्याचदा १२ व्होल्टची बॅटरी कमजोर असते आणि व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट्सचा एकमेकांशी संपर्क तुटतो. नवीन गाडीतही होतं हे, उलट जास्तच, डिलिव्हरीआधी गाडी कित्येक दिवस यार्डात उभी असते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला गाडी काही तास बंद ठेवून मीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. वायर न काढता हे बघता येतं. आणि फक्त स्क्रीन हँग झाली असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं बटण दाबून ती रीस्टार्ट करा, ती वेगळी गोष्ट, त्याला हरकत नाही, पण किती वेळा करावं लागतंय ते लिहून ठेवा.

"सगळे प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचेच, पार्ट मागू नका"

हे वाक्य कंपन्यांना इतकं सोयीचं आहे की मेसेज त्यांनीच लिहिलाय की काय असं वाटावं.

शेव्हर्ले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीला आगी लागायला लागल्या तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये पहिला उपाय काय आला, तर सॉफ्टवेअर, बॅटरी ९० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही. पुढे तपासणीचं नवं सॉफ्टवेअर आलं. आणि २०२१ च्या मध्याच्या सुमारास अपडेट घेतलेल्या गाड्यांनाही आग लागली. मूळ दोष होता सेलच्या आत, ॲनोडची (सेलच्या ऋण ध्रुवाची) फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर (दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा), दोन्ही एकाच सेलमध्ये असले की धोका. कारखान्यात दुमडलेला सेपरेटर हवेतून आलेला अपडेट कसा सरळ करणार? शेवटी सुमारे १.४ लाख गाड्या रिकॉलमध्ये घेऊन बॅटरी मॉड्यूल बदलायचं ठरलं. दरम्यान मालकांना सांगितलेलं होतं की गाडी घरापासून लांब उघड्यावर उभी करा आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.

याहून गमतीशीर उदाहरण टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्सच्या स्क्रीनचं. स्क्रीन हळू, मग हँग, मग काळी, रिव्हर्स कॅमेराही गायब. वरून बघणारा कोणीही म्हणेल सॉफ्टवेअर. पण आतली ८ जीबीची मेमरी चिप झिजत होती, फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं आणि गाडी सतत लॉग, म्हणजे स्वतःच्या नोंदी, लिहित बसायची. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १.३५ लाख गाड्या याच कारणानं रिकॉल झाल्या. लक्षण सॉफ्टवेअरचं, झिजला पार्ट, आणि झिजवणारं परत सॉफ्टवेअरच.

म्हणून वर्कशॉपमध्ये 'पुढच्या अपडेटमध्ये होईल' असं म्हणाले की विचारा, कुठल्या अपडेटमध्ये, आणि दोष नेमका कशात आहे असं तुम्हाला सापडलंय? हवा थंड असतानाच येतो, खड्ड्यातूनच येतो, ओलाव्यातच येतो, असा प्रॉब्लेम असेल तर आधी कनेक्टर, वायरिंग, सील बघायला सांगा. अपडेट दोनदा होऊनही तेच चालू असेल तर तिसऱ्याची वाट बघण्यात वॉरंटीचे महिने जातात, आणि कंपनीला त्याची घाई नसते.

"नॉर्मल आहे म्हणाले की विषय संपला"

काही गोष्टी खरंच नॉर्मल असतात बरं का. गाडी धुतल्यावर सकाळी ब्रेक डिस्कवर गंजाचा थर आणि पहिल्या काही ब्रेकला खरखर, बंद केल्यावरही थोडा वेळ फिरणारा फॅन, एसीचं खाली टपकणारं पाणी, इलेक्ट्रिक गाडी सुरू-बंद करताना येणारा खटका, थंडीत कमी होणारी रेंज. यासाठी भांडायला जाऊ नका, खऱ्या तक्रारीच्या वेळी तुमचं वजन कमी होतं.

बाकीच्यासाठी 'नॉर्मल' हा शब्द तोंडी घ्यायचाच नाही, लेखी मागायचा. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय आणि ते नॉर्मल म्हणतात, तर अलाइनमेंटचे आकडे आणि कंपनीची मर्यादा दोन्ही जॉब कार्डवर लिहून द्या म्हणायचं. आवाज येतोय तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवा म्हणायचं, टेक्निशियनला शेजारी बसवून स्वतः चालवायची, काउंटरवरच्या सर्व्हिस सल्लागाराला नाही, टेक्निशियनलाच. व्हिडिओ काढला तर त्यात स्पीडोमीटर आणि वॉर्निंग स्पष्ट दिसू दे, पण चालवणाऱ्यानं काढायचा नाही. तक्रार 'चेक नॉइज' अशी दोन शब्दांत लिहिली जाते तिथे अडून बसा, कधी येतो, किती स्पीडला, इंजिन गार असताना की गरम, हे तुमच्या शब्दांत लिहायला लावा. हे आत्ता जड वाटतं, पण वॉरंटी संपल्यावर तोच दोष परत आला तर तो वॉरंटीत असतानाच सांगितला होता हे त्या कागदाशिवाय कोण मानणार? प्रॉब्लेम सापडला नाही तरी तक्रारीची नोंद झालेली पाहिजे आणि कॉपी घेऊनच निघायचं. त्या कार्डवर खाली 'काम पूर्ण, ग्राहक समाधानी' असं आधीच छापलेलं असतं बऱ्याचदा, तर ती ओळ खोडा, शेजारी 'तक्रार कायम' लिहा आणि मग सही करा.