गच्ची हमखास गळावी म्हणून

तुमची बिल्डिंग पंचवीस वर्षांची झाली आणि गच्ची अजून गळत नाही? मग कुठेतरी चुकतंय तुमचं. आमच्या ठाण्यात पाणी आता थेट हॉलमध्ये येतं, मोटार न लावता. परवा पंख्याच्या कपातून एक थेंब पोह्यांच्या बशीत पडला आणि त्याच्या मागोमाग तळहाताएवढा पोपडा. पोहे खोबरं घालून केलेले असल्यामुळे चुना कुठला आणि खोबरं कुठलं ते कळेना. तेव्हाच ठरवलं, ही विद्या घरात कोंडून ठेवायची नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ साधा. दिवाळीपासून मेपर्यंत गच्ची ठणठणीत कोरडी असते, तेव्हा तिकडे फिरकू नका. ७ जूनच्या आसपास मृग लागला की कंत्राटदाराला फोन करा. तो 'येतोच साहेब' म्हणून २० तारखेला उगवेल. नव्या कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थराला, निदान आठवडाभर पाणी मारावं लागतं. ते काम पाऊस फुकटात करेल, सिमेंट धुऊन नेण्यासकट.

पाइपाच्या तोंडावरची जाळी साफ करू नका. दुधाची एक पिशवी आणि चार पानं, एवढ्यावर गुडघाभर नाही तरी घोटाभर तळं नक्की होतं.

कठड्यात पिंपळ उगवला तर उपटू नका, पाप लागतं.

डिश बसवायला आलेल्या मुलाला अडवू नका. तो ड्रिल काढेल आणि कोब्यात चार भोकं पाडून बोल्ट ठोकेल. पुढे डिश काढून नेतील, भोकं सोसायटीला दान.

कंत्राटदार निवडताना सगळ्यात स्वस्त कोण तेवढंच बघा. हातोडीने कोबा ठोकत फिरणारा, 'इथे बद्द वाजतंय, पोकळ झालाय, फोडून विटांचे तुकडे भरून नवा ढाळ द्यावा लागेल, कठड्याच्या कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, नीट घ्यावा लागेल' असं म्हणणारा माणूस तुम्हाला लुटायला आलाय. त्यापेक्षा ब्रश आणि पांढऱ्या केमिकलचे डबे घेऊन येणारा बरा. दोन दिवसांत गच्ची दुधासारखी होते, वर लेटरहेडवर दहा वर्षांची गॅरंटी. (आमच्याकडचं लेटरहेड अजून छान आहे. त्यावरचा नंबर दुसऱ्या पावसाळ्यात बंद झाला.) पाइप बुजवून दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खाली ओल येते का, हे तर मुळीच तपासू नका. उगाच कामातली चूक सापडायची आणि बिल अडकायचं.

एवढं करूनही गच्ची दाद देत नसेल, तर रामबाण उपाय म्हणजे जनरल बॉडी मीटिंग बोलवा. आमची झाली गेल्या रविवारी. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्याकडे तर काहीच गळत नाही." गळेल कसं काका, मध्ये आम्ही आहोत ना झेलायला! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "वरचा फ्लॅट घेतानाच नाही का बघायचं?" एकाने सुचवलं की वरच्या चौघांनी मिळून पत्र्याची शेड टाकून घ्यावी. त्यावर दुसरा म्हणाला, मग कोजागिरीला चंद्र कसा दिसणार? अर्धा तास चंद्रावर चर्चा झाली. मग चहा. मग गेटच्या रंगाचा विषय निघाला, आणि मागच्याच वर्षी रंगवलेल्या गेटला पुन्हा रंग द्यायचा ठराव एकमताने पास झाला. गच्चीचं काय, म्हटल्यावर चेअरमन म्हणाले, "बघू."

बघू! चौथं वर्ष आहे हे 'बघू'चं.

कोजागिरीला गच्ची सगळ्यांची. संक्रांतीला पतंग उडवायला, उन्हाळ्यात पापड वाळवायला, ३१ डिसेंबरला धिंगाणा घालायला सगळ्यांची. आणि जुलैमध्ये तेवढी माझी? सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चात धरलेली आहे. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आपण सगळे भरतो, तो कशासाठी? गेटसाठी? पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं असतं. आपलं झालंय का एकदा तरी?

आणि काका, तुमच्याकडे गळत नाही म्हणून निवांत बसू नका. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी गजाला लागतं. गज गंजला की फुगतो, फुगला की खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. माझ्या हॉलमध्ये दोन गज उघडे दिसतायत, लालभडक, बोट लावलं तर पापुद्रे हातात येतात. परवा पोपडा पडला तिथून हातभर अंतरावर माझा नातू खेळत होता. स्लॅब खाली आला तर तो चौथ्या मजल्यावर थांबून तुमची चौकशी करणार आहे का, की तुम्हाला काही गळतंय का म्हणून?

लाज वाटली पाहिजे आपल्याला. हजार-दोन हजार जास्त काढायची वेळ आली की सगळे छताकडे बघता, आणि ते छत माझं नाही, तुमचंही आहे.

या रविवारी सकाळी दहाला मीटिंग माझ्या हॉलमध्ये ठेवली आहे, बादल्या सरकवून जागा करतो. सगळ्यांनी यायचं. आणि चेअरमनसाहेब, 'बघू' म्हणायचं नाही.