काळ्यावर काळं

आमच्या घरात एक काळं झबलं जानेवारी २०२३ पासून शिवायला आहे.

शिवायला आहे म्हणजे शिंप्याकडे नाही, माझ्याकडेच. शिंप्याकडे असतं तर चार हेलपाटे घालून, 'उद्या नक्की, ताई' ऐकून, शेवटी दुकानात ठिय्या मारून तरी हाती आलं असतं. इथे ताईही मीच आणि 'उद्या नक्की' म्हणणारीही मीच. भांडायचं कुणाशी?

झबलं थोरलीच्या बोरन्हाणासाठी बेतलं होतं. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आणि मूल पाच वर्षांचं होईपर्यंत कुठल्याही वर्षी केलं तरी चालतं. ही रीत घालून देणारी बाई घरी शिवणारी असणार, याबद्दल मला तरी शंका नाही. आधी मुदत, मग मुदतवाढ, आणि वर पाच वर्षांची सवलत. फक्त एक खोच आहे. संक्रांत चालते सूर्यावर आणि रथसप्तमी तिथीवर. त्यामुळे दोन्हींमधलं अंतर दरवर्षी वेगळं. २०२४ साली पंचांगाने मला चांगले बत्तीस दिवस दिले होते. २०२६ साली दिले अकरा. १४ जानेवारीला संक्रांत आणि २५ला रथसप्तमी. पण ते पुढे येईलच.

२०२३ साली मी मोठ्या उत्साहाने रविवार पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरमधून मीटरभर काळं पॉपलीन, काळं रीळ आणि पांढरी लेस आणली. दुकानदाराने विचारलं, "परकराला का?" म्हटलं, "नाही, मुलीचं झबलं." तो म्हणाला, "मग तयार घ्या की, शेजारीच आहेत, स्वस्त पडेल." हे त्याने कापड फाडल्यावर सांगितलं.

मग मापं. थोरली तेव्हा जेमतेम सात महिन्यांची. टेप दिसली की ती तोंडात जायची. तिच्या छातीचं माप घेईस्तोवर अर्धी टेप ओली, आणि एकोणीस की एकवीस ते लाळेखाली. म्हणून मी ती झोपल्यावर मापं घेतली. झोपलेल्या मुलाचं माप कधीही घेऊ नये. झोपेत मूल मुटकुळं करून पडलेलं असतं. त्या मापाने बेतलेलं कापड मूल उभं राहिल्यावर बेंबीपर्यंत येतं. हे मला २०२४ साली कळलं, कारण त्याआधी ते अंगाला लावून बघण्याइतकं पुढेच सरकलं नव्हतं. पहिल्या वर्षी ऐन दिवशी सकाळी नवरा तेच शेजारच्या दुकानातलं तयार झबलं घेऊन आला. स्वस्त पडलं.

माझं मशीन आईचं आहे. साताऱ्याहून टेम्पोत घालून आणलेलं, पायाने चालवायचं, लोखंडी जाळीच्या पायडलचं. आईने त्यावर आम्हा तिघा भावंडांचे सगळे कपडे शिवले. दिवाळीला एकच तागा यायचा. त्यातून दोघी बहिणींचे फ्रॉक, भावाचा शर्ट, आणि उरलेल्यात पडदे आणि उशांचे अभ्रे. त्या काळचे आमचे फोटो बघताना पडदा कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, हे नीट बघावं लागतं. भावाचा एक फोटो तर आम्ही बरीच वर्षं नुसती खिडकी समजून अल्बममध्ये ठेवला होता.

एकदा वैतागून मी आईला फोन केला. "तीन पोरं सांभाळून तू शिवायचीस तरी कशी गं?"

"कशी म्हणजे? तुझ्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि मशीन चालवायचं. पायडल खालीवर, झोळी मागेपुढे."

"सारखी?"

"सरळ शिवण असली की जोरात. बाही जोडताना हळू. आणि दोरा तुटला की तू उठायचीस."

मला अजूनही घाटात गाडी का लागते, ते त्या दिवशी कळलं.

माझ्या घरी झोळी नाही, पण पायडल आहे, आणि ते माझ्यासाठी आहे असं माझ्याशिवाय कुणाला वाटत नाही. थोरलीच्या मते ती बस आहे. बाजूचं मोठं चाक म्हणजे स्टेअरिंग. "स्वारगेट, स्वारगेट" ओरडत ती पायडलवर बसून चाक उलटं फिरवते, की वर दोऱ्याचा असा काही गुंता होतो की बॉबीन केस काढून, शटलमध्ये अडकलेला गोळा चिमट्याने उपसत बसावं लागतं. मशीनचा खण हे बसचं तिकीट-घर. तिकीट म्हणून ती प्रवाशांना बटणं देते. प्रवासी म्हणजे धाकटा, आणि त्याला मिळालेलं तिकीट तो गिळायला बघतो.

म्हणून दिवसा शिवणं बंद. रात्री पोरं झोपल्यावर बसायचं. पण पायमशीनचा आवाज रात्री अकराला मालगाडीसारखा येतो. दहा टाके घातले की थांबायचं, कानोसा घ्यायचा. आतून कूस बदलल्याचा आवाज आला तर श्वास रोखायचा. पुन्हा दहा टाके. चोरसुद्धा याहून निवांत काम करत असतील.

त्यात कापड काळं, दोरा काळा. आणि ट्यूबलाइट लावली तर पोरं उठतात, म्हणून उजेड मोबाइलचा, दातात धरलेल्या. सुईत दोरा ओवताना मी मशीनला तीन वेळा नमस्कार केल्यासारखी दिसते, असं नवरा म्हणतो. शिवणं एक वेळ जमतं, उसवणं नाही. काळ्या कापडावरचा चुकीचा काळा टाका शोधून, उसवणीने तो तेवढाच तोडायचा, खालचं कापड नाही. एका रात्री मी पाऊण तास लावून एक शिवण पूर्ण उसवली. सकाळी बघितलं तर चुकलेली शिवण तशीच होती. बरोबरची उसवली होती.

आणि टाचण्या. रांगतं मूल असलेल्या घरात टाचण्यांचा हिशेब चोख लागतो. माझ्याकडे चोवीस आहेत, रंगीत मण्यांच्या. बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. एका रात्री तेवीसच भरल्या. साडेबारा वाजले होते. मी नवऱ्याला उठवलं. त्याने फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढला, दोऱ्याला बांधला आणि आम्ही दोघं चार पायांवर हॉलभर फिरलो. सोफ्याखाली गणपतीला एक स्टेपलरची पिन, एक हेअरपिन आणि दोन महिन्यांपूर्वी हरवलेली गिरणीच्या डब्याची कडी मिळाली. टाचणी नाही. दीड वाजता नवरा म्हणाला, "तू हलू नकोस," आणि माझ्या गाउनच्या खांद्यातून निळ्या मण्याची टाचणी काढली. मी ती तिथे सोयीसाठी टोचली होती. तो काही बोलला नाही. हे मला जास्त लागलं.

कात्रीवरून मात्र तो बोलतो. त्याच्या मते घरात एक कात्री पुरे. मी गेली सहा वर्षं समजावते आहे की कापडाची कात्री वेगळी, ती कागदाला लावली की बोथट होते. त्याने कागदाला कधीच लावली नाही. दुधाची पिशवी कापली.

मध्यंतरी नणंदेच्या बाळाचं बारसं ठरलं. भेट घरी शिवलेलीच द्यायची, असं मी जाहीर करून बसले. जाहीर करणं हा माझा मूळ आजार. दुपटं सगळेच देतात, म्हणून मी राखाडी फ्लॅनेलचा हत्ती करायला घेतला. अंग झालं, पाय झाले, कान झाले. सोंडेला घोडं अडलं. सोंड म्हणजे एक बारीक नळी. ती उलटी शिवायची आणि मग सुलटी करायची. शिवायला दहा मिनिटं, सुलटी करायला अडीच तास. पेन्सिल घालून झाली, विणायची सुई घालून झाली, उलथन्याचा दांडा घालून झाला. शेवटी पेन्सिल पुन्हा घातली आणि ती टोकातून आरपार बाहेर आली. फाटलेला भाग कापून टाकला. पुन्हा ढकललं, पुन्हा फाटलं, पुन्हा कापलं. अशी ती सोंड इंचाइंचाने माघार घेत घेत चेहऱ्यापाशी येऊन थांबली.

सोंड एवढी आखूड झाल्यावर हत्तीचं काय उरतं, ते बारशाच्या घरात शिरताच कळलं. "अय्या, किती गोड डुक्कर!" पाळण्याशेजारी उभ्या पाचसात बायका एकदम गप्प झाल्या. सासूबाईंनी पुढे होऊन तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "वराह अवतार आहे. मुद्दाम केलाय तिने." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी एकदाही वाद घातलेला नाही. त्याचे सुळे मी नंतर, त्यांच्याच सांगण्यावरून, पांढऱ्या फेल्टचे लावून दिले.

घरी शिवलेल्या वस्तूला दाद तीन प्रकारची मिळते. 'कुठून घेतलंस?' ही सर्वोत्तम, मला आजवर दोनदा मिळाली आहे. 'घरी केलंस का गं?' यात प्रश्नचिन्ह नसतं. आणि तिसरी, 'वेळ मिळतो बाई तुला.' तिसरीवर मी फार विचार करते. विशेषतः रात्री दीडला, चार पायांवर.

१९२४ साली गांधीजींना कुणीतरी विचारलं होतं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला. म्हणाले, सिंगरने बायकोला हाताने टाके घालत बसलेली पाहिली आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी, तिचे कष्ट वाचावेत म्हणून हे यंत्र केलं. हे वाचून मला गहिवरून आलं होतं. मग मी सिंगरबद्दल आणखी वाचलं, आणि तेच चुकलं. आयझॅक सिंगरने पेटंट घेतलं १८५१ साली. त्याला बायको एक नव्हती, चारपाच संसार होते आणि मुलं वीसहून जास्त. त्यातली किती त्याच्या पायडलवर बसून बस चालवायची, याची कुठे नोंद नाही. पण तो स्वतः सांगायचा की पहिलं यंत्र त्याने अकरा दिवसांत उभं केलं. अकरा! तेवढ्यात माणसाने अख्खं मशीन बनवलं आणि मला तेवढ्यात एक झबलं होत नाही. फरक उघड आहे. त्याची पोरं दुसरं कुणीतरी सांभाळत होतं.

तर, या जानेवारीतले अकरा दिवस. २०२४ साली थोरलीच्या अंगाला लावल्यावर झबल्याचा ब्लाउज झाला होता, म्हणून तुकडे बांधून ठेवले. २०२५ साली धाकटा पोटात होता, आठवा महिना, मशीनपर्यंत हात पोचत होते पण नजर नाही. यंदा धाकटा अकरा महिन्यांचा. तुकडे त्याला होतील असा अंदाज होता. मी माप घेतलं नाही. अनुभवाने माणूस शहाणा होतो, असं मला वाटलं होतं.

पहिले चार दिवस बोचकं शोधण्यात गेले. ते थोरलीच्या बाहुलीचं अंथरूण झालेलं होतं. दोन दिवस तिच्याशी वाटाघाटी. एक दिवस धाकट्याला ताप. मग तीन रात्री दहा-दहा टाक्यांच्या. चोवीस तारखेच्या रात्री पावणेदोनला शेवटचा टाका पडला. गळ्याला पायपिन, खाली लेस, सगळं. मी ते खुर्चीच्या पाठीवर अडकवलं आणि अंधारात दहा मिनिटं बघत बसले. अंधारात काळं झबलं दिसत नाही, तरी बसले.

सकाळी उजेडात दिसलं. डावी बाही उलटी जोडली होती, शिवण बाहेर, दशा लोंबताहेत. ते चाललं असतं, वर हलव्याचे बाजूबंद येणारच होते. पण गळा डोक्यातून जाईना. सात महिन्यांच्या मुटकुळ्याच्या मापाचा गळा आणि अकरा महिन्यांच्या मुलाचं डोकं. धाकटा झबल्यात कानापर्यंत अडकला आणि आतून भोंगा सुरू झाला. बाहेर बायका यायला लागल्या होत्या. थोरली शांतपणे म्हणाली, "आई, मागून काप ना. मागे कोण बघतंय?"

साडेतीन वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. मी पाठीवर वरपासून चीर दिली. दुधाच्या पिशवीच्या कात्रीने. आता बंद हवेत, तर काळी नाडी घरात नाही. नवऱ्याने काही न विचारता कपाटातून त्याच्या ऑफिसच्या बुटांची कोरी लेस काढून दिली. पाठीवर बुटाच्या लेसचं बो, पुढे हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट. पाटावर बसला तेव्हा खरंच कृष्णासारखा दिसला. समोरून.

पाचेक मिनिटं. मग डोक्यावरून बोरं, हरभरे, चुरमुरे, उसाचे करवे पडले, त्यातला एक करवा त्याने पकडून चोखला, सगळा रस गळ्यातून खाली, आणि झबलं उतरवावं लागलं. आता ते वराह अवताराच्या मापाचं आहे, असं नणंद म्हणाली.

जाता जाता चपला घालताना ती थांबली. "वहिनी, आमच्या पिल्लूचं बोरन्हाण पुढच्या वर्षी करायचंय. तुझ्या हातचंच झबलं हवं हं. आत्ताच माप देऊन ठेवू का?"

"आत्ताचं नको," मी म्हटलं, "तीन वर्षांनंतरचं दे."