खरे रीडिंग मागणारा लबाड कसा ठरतो?

माझी गाडी 1,18,000 किलोमीटरहून अधिक चाललेली आहे आणि तिच्या मीटरवर सध्या 206 हा आकडा दिसतो आहे. हा चमत्कार कोणा दलालाने अंधारात केलेला नसून महामार्गालगतच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने भरदिवसा, पक्क्या बिलावर, जीएसटी लावून केलेला आहे. आणि तो निस्तरून द्या असे सांगायला गेलेल्या माणसाकडे तिथे असे पाहिले जाते, की जणू लबाडी तोच करायला आला आहे.

मूळ दुखणे साधे होते. गगनबावड्याच्या घाटात वेगाचा काटा चाळिसावरून एकदम शून्यावर पडायचा आणि खड्ड्यात चाक आपटले की शंभराकडे उडायचा. अशा काट्यामागे एक छोटी स्टेपर मोटर असते. ती बिघडली किंवा तिचा टाका सुटला की काटा असा भरकटतो. पण ही मोटर कंपनी सुटी विकत नाही, म्हणून ‘पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल’ असे मला सांगण्यात आले. ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे भाग ओतण्यापासून घासून तयार करण्यापर्यंत सगळे होते, त्या शहरात एवढ्याशा मोटरीपायी वेगाचा काटा, आरपीएमचा काटा, डिझेलचा काटा आणि यच्चयावत दिवे असलेला अख्खा डबा फेकून द्यायचा, हेच मुळात संतापजनक आहे. तेही मी मुकाट्याने गिळले आणि पैसे मोजले.

गाडी ताब्यात घेताना किल्ली फिरवली, तर सगळे काटे शहाण्यासारखे जागेवर होते आणि खाली किलोमीटरच्या जागी 4 हा आकडा होता. मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला विचारले, तेव्हा तो मनापासून हसला आणि म्हणाला, “सर, झिरोपासून सुरू झालंय म्हणजे तुमचा फायदाच की! उद्या विकायला काढली तर रनिंग कोण विचारतंय?” याला मी काय उत्तर द्यावे? उद्या जो गाडी घेणार, तो याच शहरातला कोणीतरी पोटाला चिमटा काढून पैसे साठवलेला माणूस असणार. त्याच्या गळ्यात खोटा आकडा मारणे हा माझा फायदा कसा, हे त्या पोराला कोणी शिकवले असेल?

हे काम अशक्य असते तर गोष्ट वेगळी होती. पूर्वी गिअरबॉक्समधून केबल येत असे आणि मीटरमधली आकड्यांची चाके फिरवत असे. आता सेन्सर वेग मोजतात, तो संदेश मीटरपर्यंत पोहोचतो आणि एकूण किलोमीटरचा आकडा मीटरच्या सर्किटवरच्या, बहुधा आठ पायांच्या, एका इवल्याशा मेमरी चिपमध्ये लिहिला जातो. बॅटरी काढली तरी तो पुसला जात नाही. अनेक गाड्यांत त्याची नोंद दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही ठेवलेली असते. डबा बदलला की चिप बदलते आणि चिप बदलली की आकडा जातो, हे ओघानेच आले. म्हणूनच नवा मीटर बसवल्यावर डॅशबोर्डाखालच्या सॉकेटला कंपनीचा स्कॅनर जोडून त्याला गाडीची ओळख सांगण्याची आणि जुने रीडिंग भरण्याची पद्धत असते. काही गाड्यांत हे रीडिंग एकदाच भरता येते, तर काहींत ठरावीक अंतर कापल्यावर ती मुभाच बंद होते. म्हणजे गाडी गेटबाहेर पडण्यापूर्वी व्हायचे काम गेटबाहेर पडल्यावर टोलवत राहायचे, आणि तिकडे मीटर पुढे पळत राहणार.

टोलवाटोलवीही काय दर्जाची! आधी ‘सिस्टीममध्ये ऑप्शन येत नाही’. मग ‘त्याचा अ‍ॅक्सेस पुण्याला आहे’. आणि शेवटी फ्लोअर मॅनेजरने, आवाज जरा खाली आणून, मला कायदा समजावला, की मीटरचे रीडिंग बदलणे बेकायदेशीर असते. अहो, बदलले कोणी? एक लाख अठरा हजारांचे चार तुम्ही केलेत! मी ते होते तसे करून मागतो आहे.

यावर कडी बिलाच्या काउंटरवर झाली. त्यांच्याच संगणकाने मागच्या सर्व्हिसपेक्षा कमी रीडिंग घ्यायला नकार दिला आणि बिल छापेना. तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझ्यादेखत रकान्यात 1,18,500 असा गोल आकडा अंदाजपंचे ठोकला आणि बिल माझ्या हातात ठेवले. आता बिल सांगते एक, मीटर सांगतो दुसरे, आणि जुन्या मीटरवरचा खरा आकडा कोणत्याही कागदावर नाही, कारण तो डबा ‘कंपनीकडे परत जातो सर’ म्हणून आतल्या आत नाहीसा झाला.

“एवढंच असेल तर बाहेरून करून घ्या,” असाही सल्ला मिळाला. बाहेर अशी कामे करणारे आहेत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चौकशीसाठी एकाकडे गेलो, तर लॅपटॉपवरून मान वर न करता त्याने पहिला प्रश्न विचारला, “किती कमी करायचं?” मला वाढवायचे आहे, असे म्हटल्यावर मात्र त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. “वाढवून मागणारं गिऱ्हाईक आजवर आलं नाही, साहेब.” एका वाक्यात सगळा बाजार कळला. त्याच्याकडून मी काम करून घेतले नाही. बाहेरच्या माणसाने मीटर उघडला, की नव्या मीटरची वॉरंटी गेली म्हणून हेच सर्व्हिस सेंटरवाले हात वर करणार.

आणि हा आकडा केवळ विकण्यापुरता नसतो. टायमिंग बेल्ट, कूलंट, गिअरबॉक्सचे ऑइल हे सगळे किलोमीटरवर बदलायचे असते. बेल्ट वेळेत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि अख्खे इंजिन खोलावे लागते. पुढच्या मालकाला 206 वरून काय कळणार?

अमेरिकेत याबाबत संघीय कायदाच आहे: दुरुस्तीनंतर जुने रीडिंग भरता येत नसेल तर ओडोमीटर, म्हणजे एकूण अंतर दाखवणारा मीटर, शून्यावर आणायचा आणि आधीचे रीडिंग व दुरुस्तीची तारीख लिहिलेली पट्टी डाव्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवायची. बेल्जियममध्ये 2006 पासून जुनी गाडी विकताना तिच्या किलोमीटरच्या नोंदींचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्या आरसीवर चॅसी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, रंगसुद्धा असतो. किलोमीटर मात्र नसतात. त्यामुळे गाडीचा इतिहास जपणारी जागा एकच उरते, ती म्हणजे सर्व्हिस सेंटरची नोंदवही, आणि तिच्यात 1,18,500 हे ठोकून दिलेले आहे.

मी आता तोंडी बोलणे बंद केले असून लेखी पत्र दिले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा सेवेतील त्रुटी मानलेली आहे, हे त्यात लिहिले आहे. मागणी अवघी एवढीच आहे, की मीटरमध्ये जुने रीडिंग भरावे. ते खरोखरच शक्य नसेल, तर मीटर काढला त्या दिवशीचे नेमके रीडिंग, नव्या मीटरचे सुरुवातीचे रीडिंग, दोन्हींचे पार्ट नंबर आणि तारीख जॉब कार्डावर लिहून सही-शिक्क्यानिशी द्यावे. गाडी आत घेताना त्यांच्याच माणसाने मोबाईलवर मीटरचा फोटो काढला होता, तेव्हा नेमका आकडा मिळत नाही ही सबब चालणार नाही. पत्राच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारायलाही तिथल्या तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची आहे आणि ती चढायची माझी तयारी आहे. दरम्यान परवा त्यांच्याकडून फोन आला, की सर्व्हिस कशी वाटली, कृपया दहापैकी दहा गुण द्या. मी शून्य दिले. “सर, शून्य घेत नाही सिस्टीम,” असे पलीकडून उत्तर आले.